तुलनेचा नमुना

मैना चाळीस दिवसांची झाली आणि जयसिंगपूरच्या मगदूमांच्या घरातून तिला व तिच्या आईला तपासणीसाठी मिरजेला नेण्यात आलं. वजन, लस, कानांची चाचणी हे सगळं बाळाचं. आईची तपासणी एकच होती आणि ती सगळ्यांत शेवटी. टोपी.

त्या टोपीला त्रिशला गेले एकोणतीस दिवस घाबरत होती.

अकराव्या दिवशी सकाळी ती बाळाला कोवळं ऊन द्यायला चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी होती. खाली कोणीतरी स्कूटर धूत होतं. काहीही कारण नसताना तिच्या डोळ्यांसमोर एक चित्र आलं. तिचे दोन्ही हात कठड्याबाहेर गेलेले होते आणि ते रिकामे होते. एवढंच, क्षणभर. तिनं मैनाला इतकं घट्ट धरलं की पोर कळवळून रडायला लागली.

त्या दिवसापासून तिनं गॅलरीचं दार उघडलं नाही. चित्र मात्र येत राहिलं. मग सुऱ्या वरच्या फळीवर गेल्या, गरम पाण्याची बादली आली की ती खोलीबाहेर जाऊ लागली. चित्र आलं की मनात नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणायचा, मध्ये एक अक्षर अडखळलं तर पुन्हा पहिल्यापासून. कधीकधी तासभर ती नुसती पुटपुटत बसायची. लहानपणी पाठशाळेत तिला शिकवलं होतं की हिंसा हातानं होते तशी मनानंही होते. आपल्या मनानं ती केली, रोज करतंय, अशी तिची खात्री होत चालली होती. नवरा भरतेश विचारायचा, "कसला विचार करतेस?" ती म्हणायची, "झोप झाली नाही." सांगणार तरी काय?

टोपीचा कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. एका शहरात एका बाळंतिणीच्या हातून भयंकर काही घडलं, महिनाभर सगळीकडे तीच चर्चा होती, आणि त्यातून मातृ-शिशु सुरक्षा मंडळ उभं राहिलं. यंत्र आधीपासूनच होतं. अर्धांगवायूनं वाचा गेलेल्या रुग्णांच्या मनातलं ओळखण्यासाठी ते बनवलेलं होतं. आपण एखादी वस्तू डोळ्यांनी पाहतो तेव्हा मेंदूच्या मागच्या भागात तिचा एक ठसा उमटतो. तीच वस्तू डोळे मिटून आठवली तरी जवळजवळ तोच ठसा, फक्त फिका. टोपीतले संवेदक कवटीबाहेरून मेंदूचं सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र टिपायचे, आणि लाखो ठशांवर शिकून तयार झालेली संगणकप्रणाली त्यावरून चित्र काढायची. 'पाणी' म्हणू न शकणाऱ्या म्हाताऱ्याच्या पडद्यावर पाण्याचा तांब्या दिसायचा. घरचे लोक रडायचे. मंडळानं तीच टोपी बाळंतिणींच्या डोक्यावर ठेवली. बारा मिनिटांत बाळाला इजा होण्याची चित्रं सातपेक्षा जास्त आली की धोका.

"फक्त बाळाकडे बघा, मॅडम," तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. "रोजचा दिवस आठवा."

मैना मांडीवर झोपली होती. त्रिशलानं आपल्या कामाचा विचार करायचा ठरवलं. ती द्राक्षांवरच्या औषधांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. घड, लेबल, बाटल्या. ते चित्र नको, बाकी काहीही चालेल. ते नको, ते नको. आणि ते आलं. तंत्रज्ञाचं बोट कळफलकावर थबकलेलं तिला दिसलं.

बारा मिनिटं संपल्यावर ती मुलगी उठली आणि अलगद मैनाला उचलून म्हणाली, "जरा वजन परत घ्यायचंय हं."

मैनाला परत आणलं ते दोन तासांनी. तेव्हा ती भरतेशच्या हातात होती.

त्या दोन तासांत मनोविकारतज्ज्ञ डॉ. नसीमा बारगीर यांच्या खोलीत भरतेशला पडदा दाखवला गेला होता. नियमच तसा होता, कुटुंबाला कळवायचं. चित्रं धुरकट होती, ओल्या काचेपलीकडून बघावं तशी. पण गॅलरी आपलीच आहे हे त्याला ओळखू आलं. कठड्याचा रंग त्यानंच निवडला होता.

त्रिशला आत आली तेव्हा तो तिच्याकडे न बघता मैनाच्या टोपड्याची नाडी बांधत होता.

"मला वाटतं हा ओसीडी आहे," डॉ. बारगीर म्हणाल्या. "आपण मंत्रचळ म्हणतो तो. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतो. ज्याची सगळ्यात जास्त भीती, तेच चित्र मन पुन्हा पुन्हा समोर आणतं, आणि ढकलाल तितकं ते चिकटतं. अशा बायका बाळाला इजा करत नाहीत. उलट त्या सुऱ्या लपवतात. तुम्ही लपवल्यात का?"

त्रिशलानं होकारार्थी मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू आलं.

"मग प्रश्न काय?" भरतेशनं विचारलं.

"यंत्र चित्र मोजतं. ते हवंसं आहे की नकोसं, हे त्याला कळत नाही. यांचा आकडा एकोणीस आहे, मला तो मंडळाला कळवावाच लागेल. आणि यावर उपचार म्हणजे यांनी बाळाला घेऊन एकटीनं त्या गॅलरीत उभं राहायचं, चित्र येऊ द्यायचं, मंत्र म्हणायचा नाही, पळायचं नाही. हळूहळू मेंदू शिकतो की यात काही नाही. मंडळाच्या आदेशात नेमकं तेच मना असतं."

आदेश दुसऱ्या दिवशी आला. बाळाजवळ आई एकटी नको. देखरेख करणारी व्यक्ती म्हणून सासूबाई, पद्मजा मगदूम. घरी एक टोपी, रोज सकाळी बारा मिनिटं. तीन महिन्यांनी सुनावणी.

घर बदललं. मोठ्यानं कोणी बोललं नाही, तेच जास्त भयंकर होतं. पाळणा पद्मजाबाईंच्या खोलीत गेला. मैनाला दूध पाजताना त्या समोरच्या खुर्चीत बसायच्या, पण तोंड भिंतीकडे फिरवून. त्रिशलाला वाटायचं, किळस येत असणार. ती मान खाली घालून पाजायची आणि संपलं की मूल दोन्ही हातांनी पुढे करायची, एखादी वस्तू परत केल्यासारखं.

रोज सकाळी ती टोपी घालायची. टोपी तिचे ठसे शिकत होती. पहिल्या आठवड्यातली धुरकट चित्रं दुसऱ्या महिन्यात स्वच्छ झाली. कठड्यावरचा गंज दिसायला लागला, खालच्या स्कूटरीचा नंबर दिसायला लागला. आकडा एकतीस झाला, मग चव्वेचाळीस, मग सदुसष्ट. आकड्याच्या भीतीनं आकडा वाढत होता. एका सकाळी तिनं बाराही मिनिटं मनातल्या मनात फक्त तांदूळ निवडले, एकेक खडा वेचून. तरीही पडद्यावर नऊदा गॅलरी आली. ती बराच वेळ बघत राहिली. आपण नाही आणलं तरी ते आलं. म्हणजे ते आपल्या कितीतरी खाली, आपल्याला न विचारता चालू असणार. आयुष्यभर तिनं यंत्रांवर विश्वास ठेवला होता. बागायतदार शपथा घ्यायचे, "मॅडम, फवारलंच नाही." यंत्र सांगायचं, फवारलंय. नेहमी यंत्रच खरं निघायचं.

मग ती स्वतःहून दुपारीही टोपी घालायला लागली. आज तरी कमी येईल, एकदाच बघू. सात-सात वेळा.

एका रविवारी जेवणानंतर पद्मजाबाई मैनाला घेऊन खाली गेल्या होत्या. त्रिशला पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली, तर भरतेश जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर पडदा, पडद्यावर गॅलरी. तो चित्र थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा पुढे.

"किती दिवस बघतोयस?"

तो दचकला नाही. "तुझे हात थरथरत नाहीत," तो म्हणाला. "मी सगळी बघितली, त्रिशला. एकाही चित्रात तुझे हात थरथरत नाहीत."

"मला माहीत नाही ते असे का दिसतात."

"मी शोधतोय. एखाद्या तरी चित्रात तू तिला मागे ओढशील. एखाद्या तरी."

"तू मला घाबरतोस?"

त्यानं पडदा बंद केला. तेवढ्यात जिन्यात मैनाचा आवाज आला. तो उठून दाराकडे गेला. ती त्याच्या दोन पावलं मागे होती. दार उघडताना त्यानं नकळत तिच्या आणि मैनाच्या मध्ये खांदा घातला.

त्या दिवसानंतर दोघं एकमेकांशी फक्त मैनाबद्दल बोलत. औषध दिलं का. लंगोट संपले.

सुनावणीच्या दिवशी आकडा एकशे बारा होता.

डॉ. बारगीर यांच्याच खोलीत सगळे बसले. मंडळाच्या अधिकारी ऐवळे मॅडम पन्नाशीच्या, कापडी पिशवीतून फाइल काढणाऱ्या, आवाज मऊ. "वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या, "पण आकडा खाली यायला हवा होता. बाळाला सहा महिने आमच्या शिशुगृहात ठेवावं लागेल. दर रविवारी तुम्हाला काचेतून भेटता येईल."

काचेतून. त्रिशलाला वाटलं, आपण आता रडू. पण तिच्या तोंडून प्रश्न निघाला, प्रयोगशाळेत विचारायची तसा.

"मॅडम, सात हा आकडा आला कुठून?"

ऐवळे मॅडमनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"सुरुवातीला एकशेवीस जणांना टोपी घातली होती," डॉ. बारगीर म्हणाल्या. "त्यांच्यात सगळ्यांत जास्त सहा आले."

"कोण होते ते?"

"इंजिनीअरिंगची मुलं. अठरा ते बावीस वर्षांची. त्यांना बाळाचे फोटो दाखवले होते."

"फोटो?" त्रिशला म्हणाली. "आमच्याकडे घड तपासायला आला की आधी शेजारच्या, न फवारलेल्या बागेतला घड तपासतात. तुलनेचा नमुना. तो नसेल तर माझ्या आकड्याला अर्थच नसतो. वाऱ्यानं आलेलं, मातीतलं, जुन्या पाण्यातलं, थोडा अंश सगळीकडे सापडतो. तुम्ही एका तरी धडधाकट आईचं डोकं तपासलंत का?"

"तो वरच्या पातळीवरचा प्रश्न आहे," ऐवळे मॅडम म्हणाल्या. "माझ्या हातात फक्त आदेश आहे."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पद्मजाबाई उभ्या राहिल्या होत्या. मैनाला त्यांनी भरतेशच्या मांडीवर दिलं.

"माझं डोकं चालेल का?"

"मावशी, तुमचं बाळ आता चौतीस वर्षांचं आहे," ऐवळे मॅडम हसून म्हणाल्या.

"म्हणूनच म्हणते. बघा तरी."

"आई, नीट विचार करा," डॉ. बारगीर हळूच म्हणाल्या. "देखरेख तुमच्याकडे आहे. काही निघालं, तर बाळाजवळ घरात कोणीच उरणार नाही."

"निघणार आहे. काय निघणार ते मला ठाऊक आहे."

त्यांनी अंबाड्यातल्या पिना काढल्या, चष्मा टेबलावर ठेवला आणि टोपी घातली. पडद्यावर आधी नुसतं करडं धुकं होतं. यंत्र या डोक्याला नवखं होतं. मग धुक्यात तांब्याचा गोल आला. घंगाळ. पाण्यावर उजेड हलत होता. हिरव्या बांगड्यांचे दोन हात पाण्यात होते, आणि पाण्याखाली एक चेहरा. तान्हा, डोळे उघडे, डाव्या डोळ्याखाली तिळाएवढा लाल डाग.

भरतेशचा हात आपोआप आपल्या डाव्या डोळ्याखाली गेला.

पडद्यावरचे हात हलत नव्हते. चित्र विरलं, आणि पुन्हा आलं.

"पाचव्या दिवसापासनं," पद्मजाबाई डोळे मिटून बोलत होत्या. "ह्याला पायावर घेतलं की हे दिसायचं. सात महिने मी ह्याला अंघोळ घातली नाही. पाठ धरली म्हणून सांगितलं. ह्याची आत्या घालायची. सगळे म्हणायचे, सून आळशी आहे. म्हणू दिलं. आळशी परवडलं. देवळात मुनिमहाराज आले की मी मागच्या दारानं निघायची, वाटायचं त्यांना कळेल. ह्याच्या वडिलांना शेवटपर्यंत नाही सांगितलं. अजून येतं. एवढा घोडा झालाय, नदीवर गेला म्हटलं की येतं."

मग डोळे न उघडताच त्या त्रिशलाला म्हणाल्या, "तू पाजायला बसलीस की मी तोंड फिरवायची, ते ह्याच्यासाठी गं. तुझा चेहरा बघवायचा नाही. मलाच मी दिसायची. तेव्हाच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

बारा मिनिटं झाली. आकडा तेवीस होता.

ऐवळे मॅडमनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं, खोडलं. "नियमानं आता देखरेख वडिलांकडे जाईल," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता. "मिस्टर मगदूम, त्यासाठी तुमची एकदा..."

भरतेश उठला नाही. मैनाला धरून तो टोपीकडे बघत राहिला. टोपी टेबलावर पालथी पडली होती, आत हिरवा दिवा चालू.

"मलाही दोन मुलं आहेत," डॉ. बारगीर म्हणाल्या. "वर्षभर मी ही लोकांच्या डोक्यावर ठेवतेय. स्वतः एकदाही घातलेली नाही." त्यांनी टोपी थोडी पुढे सरकवली. "तुम्ही, मॅडम?"

ऐवळे मॅडमनी हात मांडीवर घेतले. खोलीत चार मोठी माणसं टोपीभोवती बसली होती आणि पाचवी पिना गोळा करत होती. पडदा वाट बघत होता.

शेवटी ऐवळे मॅडमनीच उठून त्याची वायर काढली. फाइलवर त्यांनी लिहिलं, 'यंत्राची तुलनात्मक तपासणी होईपर्यंत आदेश स्थगित.' पिशवी उचलून त्या गेल्या. जाताना मैनाच्या गालाला हात लावावा असं त्यांना वाटलं असावं, पण त्यांनी लावला नाही.

पुढच्या सहा महिन्यांत मंडळानं चारशे आईबापांना टोपी घातली. सातच्या आत होते फक्त एकोणीस. आणखी एक गोष्ट सापडली. एकाच माणसावर फार दिवस चालवलं की यंत्राला त्याच्या नेहमीच्या चित्राची सवय लागे. मग माणूस दुसरं काही आठवत असला तरी ते तेच चित्र काढून मोकळं होई. त्रिशलाच्या तांदळातली गॅलरी तिची नव्हतीच, यंत्राची होती. हे वाचून तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी कपाटातल्या त्या टोपीची तिला विलक्षण कीव आली. तिनं ती त्याच दिवशी परत पाठवली. चाचणी बंद झाली, टोप्या पुन्हा वाचा गेलेल्या रुग्णांकडे गेल्या.

उपचार सुरू झाले. डॉ. बारगीर यांनी सांगितलं होतं तसं, मैनाला घेऊन गॅलरीत, दार मागून बंद, ओठ मिटलेले. पहिल्या दिवशी चित्र आलं आणि ती मंत्र न म्हणता उभी राहिली. घाम मानेवरून कमरेपर्यंत आला. चाळीस मिनिटांनी, काही कारण नसताना, मैनाला जांभई आली आणि त्रिशलालाही. आत पद्मजाबाई कणीक मळत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. महिन्याभरानं चित्र आलं तरी तिला बाकीची कामं सुचायला लागली. ते थांबलं नाही. रोज दारावरून जाणारा ओळखीचा माणूस दिसावा तसं ते दिसायचं आणि जायचं.

भरतेशचं मात्र सावरलं नाही. तो मदत करायचा, हसायचाही. पण त्यानं मध्ये घातलेला खांदा ती विसरली नव्हती, आणि तो विषय काढत नव्हता.

मैना वर्षाची झाली तेव्हा पद्मजाबाईंच्या आग्रहानं सगळी कुंभोजच्या बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला गेली. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन. पद्मजाबाई गुडघ्यांमुळे खालीच थांबल्या. दोघं पायऱ्या चढायला लागली, मैना भरतेशच्या कडेवर. अर्ध्यावर, जिथे एका बाजूला डोंगर तुटतो आणि खाली उसाचे चौकोन दिसतात, तिथे तो थांबला. दमला असेल म्हणून त्रिशला तीन पायऱ्या पुढे गेली. मग मागे वळली.

तो पांढरा पडला होता.

"काय होतंय?"

"मला दिसतं," तो म्हणाला. "तुझं चित्र. पण हात माझे असतात."

ती खाली आली. "कधीपासून?"

"टेबलाशी बसून बघायचो तेव्हापासून. आधी वाटलं तुझं आठवतंय. मग घड्याळ दिसलं हातावर. माझं." त्याचे ओठ कोरडे पडले होते. "मिरजेला मी टोपी घातली नाही, ती ह्यासाठी. तुला एकटीला तिथे बसू दिलं, आईला बसू दिलं. मी नाही बसलो. घे, त्रिशला. हिला तू घे, लवकर."

त्यानं मैनाला पुढे केलं. पोर मजेत होती. आपल्याला इकडून तिकडे द्यायचा खेळ चाललाय असं तिला वाटत होतं, आणि तिनं आईकडे हात पसरले.

त्रिशलाचे हात वर आले होते. एक गोष्ट तिला स्वच्छ कळत होती. तिनं आता मूल घेतलं तर त्याला फार बरं वाटेल, आणि ते चित्र त्याला आयुष्यभर सोडणार नाही. आणखी एक गोष्टही मनात होती, आणि ती तितकी चांगली नव्हती. कळू दे त्याला. तिनं ती येऊ दिली. तीही गेली.

तिनं हात खाली घेतले आणि पायरीवर बसली.

"बस," ती म्हणाली. "तिला मांडीवर घेऊन इथेच बस."

"मला जमणार नाही."

"जमवायचं नाहीये काही. येतंय ते येऊ दे. डोळे मिटू नकोस, देवाचं नाव घेऊ नकोस, माझ्याकडे बघून विचारू नकोस की काही होणार नाही ना. मी सांगणार नाही."

"किती वेळ?"

"ते आपल्याला ठरवता येत नाही."

तो बसला. खालून गार वारा येत होता, मैनाचं झबलं फडफडत होतं. वरून माणसं उतरत होती, हसत, हाका मारत, प्रसादाच्या पिशव्या घेऊन. त्रिशला त्यांच्याकडे बघत राहिली. ज्यांच्याजवळ लहान मूल होतं ती सगळी त्या वळणावर बोलायची थांबत होती. एकजात सगळ्यांनी मूल डोंगराच्या बाजूच्या हातात बदलून घेतलं, खाली न बघता, आणि वळण संपल्यावर पुन्हा बोलायला लागली.

"जातं का हे?" बऱ्याच वेळानं भरतेशनं विचारलं.

ती थोडी सरकून त्याच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ, आणि दोन्ही हात आपल्याच मांडीवर ठेवले.

मैनानं बापाच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं आणि ते चघळत खालचे उसाचे चौकोन बघायला लागली.